आमच्या वाडीला दोन तारे

पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर कुणी चूल पेटवली की ओल्या लाकडाचा धूर नाकात जातो आणि मला आमच्या वाडीतला तो रविवार आठवतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी सांगितलं होतं, की वेबसाइट आता नुसती वाचायची नसते, आपणही तिच्यात भर घालायची असते. नेरे गावाच्या पुढची आमची वाडी कुठल्याच नकाशावर नव्हती. ती मी मोबाइलच्या नकाशावर टाकली, सोबत सारवलेल्या अंगणाचा फोटोही. आईने पिठाच्या बोटाने स्क्रीनवरचं नाव चाचपून पाहिलं होतं. मग वाडीमागचा धबधबा शोधत गाड्या येऊ लागल्या, आणि त्या रविवारी पाहतो तर कुणीतरी वाडीला पाचपैकी दोन तारे दिलेले. खाली लिहिलं होतं, 'धूर फार, बघण्यासारखं काही नाही.' मी आईला वाचून दाखवलं. ती चुलीपाशीच होती. "आपल्या घराला मार्क देनारा तो कोन? मी बोलावलेलं काय त्याला? आनि धुराबिगर भाकरी भाजतो कसा तो?" "मीच बोलावलं, आई," मी म्हणालो. "मग पुसून टाक ते." मी वाडी काढून टाकायचं बटण दाबलं, तर उत्तर आलं, की तुमची सूचना इतरांनी तपासल्यावर ठरवू. "इतर म्हंजे कोन?" आईने विचारलं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. वाडी अजून नकाशावर आहे, आणि का कोण जाणे, घरी जाताना मीच ती उघडून बघतो, तारे वाढलेत का.