खंडेनवमीला चकचकीत झालेली गिटार

बेस गिटार घेतली तेव्हा ती कोरी होती, निळी, आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त. जाड तारा, खर्जातला आवाज. ऑफिस सांभाळून सुट्टीच्या दिवशी वाजवणारा आमचा हौशी बँड, त्याला तेवढी पुष्कळ होती. मग आमच्या ड्रमवाल्याने डोक्यात खूळ भरवलं की हिला जुनी कर. हल्ली लोक मुद्दाम तशाच शोधतात म्हणे.

त्याच्या वाशीच्या घरी मी पॉलिश पेपर घेऊन बसले. हात टेकतो तिथला रंग लाकूड दिसेपर्यंत घासला, कडांचे टवके उडवले, स्क्रू व्हिनेगरमध्ये घालून गंजवले. आवाज पकडणारे पिकअप तेवढे काढून चांगले बसवले. शेवटी असं वाटायला लागलं की कुणीतरी हॉटेलांत वाजवून वाजवून तिच्यावर जन्म काढलाय. मग ती सीवूड्सला आमच्या घरी आणली. आई-बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली ती या अवतारात.

फोटो टाकले, तर खारघरचा एक मुलगा कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त द्यायला तयार झाला. मला काही कळेना. तो पैसे कशाचे देणार होता, पिकअपचे की माझ्या टवक्यांचे? विचारलं, तर म्हणाला, तिला वाइब आहे. ती वाइब मी घासून काढली होती, तरी मला ती दिसत नव्हती. पण त्या पैशांत भर घालून मला एक खरोखरची चांगली गिटार घ्यायची होती, जिच्यासाठी मी वर्षभर जीव टाकत होते. दसऱ्याला येऊन घेऊन जातो, असं तो म्हणाला.

बाबांना यातलं काही बोलले नाही. बोलायचं म्हणजे समजावायचं, आणि माझंच मला समजलं नव्हतं.

बाबा बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालेत. पण खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ते अगदी कारागीर होतात. घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, पक्कड, पाने, आईचं शिलाई मशीन, आणि हळदकुंकू वाहायचं. कळकट वस्तू पूजेला चालत नाही. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पाटाशेजारी भिंतीला टेकून माझी गिटार उभी. झेंडूचा हार घातलेली आणि तपकिरी. आमच्या मेन डोअरसारखी चकाचक तपकिरी.

दाराला पॉलिश करायला माणूस बोलावला होता, त्याच्याकडून बाबांनी गिटारही करून घेतली होती. टवके पुट्टी भरून बुजवलेले, गंजके स्क्रू जाऊन नवे पिवळे स्क्रू. मला इतका राग आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. पण राग नेमका कशाचा, ते सांगता येईना. पिकअप होते तसेच होते, आवाजही तोच. खोटं म्हातारपण तेवढं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. गिटार विकत घ्यायला आलाय, एवढंच मी बाबांना सांगितलं. गिटार उलटीसुलटी करून पाहिली आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. "मी स्वतः उभा राहून करून घेतलं," असं बाबांनी कौतुकाने सांगितलं. बिचाऱ्याने ती परत भिंतीला टेकवली. श्रीखंड खाल्लं, बाबांच्या हातून सोनं घेतलं, पाया पडला आणि रिकाम्या हाताने गेला.

"नाही घेतली ना?" बाबा म्हणाले. "बरं झालं. मला ती विकायला नकोच होती."

मी विचारलं, पण बाबा, पॉलिश कशाला केलंत? आवाज जरा चढलाच माझा.

"किती कळकट होती ती. म्हटलं, पोरीला पुन्हा सेकंड हँडच घ्यावी लागली. लहानपणी तुझं सगळं दुसऱ्याचंच होतं. मावशीकडचे फ्रॉक, पुस्तकं, ती लाल सायकल. आता कमावतेस, तरी तेच. मला बघवेना."

माझ्या तोंडावर आलं होतं की बाबा, मी कोरी आणली होती, मीच तिची ही दशा केली. पण मध्येच सायकल अडकली.

"सायकल तर नवी होती," मी म्हटलं.

शाळेच्या गेटवर ती उभी करून मी सगळ्यांना तिचं लाल अंग दाखवलं होतं, ते मला लख्ख आठवतं.

बाबा हसले. "मीच रंगवली होती. तू झोपलीस की गॅलरीत बसायचो."

गिटार कोरी होती, हे मग मी सांगितलंच नाही.