साहेबांची गाडी आणि अक्काची वरात

माझ्या अक्काच्या वरातीत नवरदेव पायी चालत होता आणि गाडीत नवरीशेजारी माझे साहेब बसले होते.

कल्पना अर्थातच माझी! दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात नोकरीला होतो. आमच्या देसाईसाहेबांनी युरोपातल्या कुठल्याशा छोट्या कारखान्यातून हातानं बांधलेली स्पोर्ट्स कार मागवली होती. तशी दुसरी गाडी अख्ख्या महाराष्ट्रात नसावी. (हे साहेबच सांगायचे.) अक्काचं लग्न उरकून ते पुढं गोव्याला जाणार होते. मी म्हटलं, "साहेब, वरातीला गाडी मिळंल का?" ते हो म्हणाले. मी गावी वडिलांना, म्हणजे अप्पांना, फोन केला, अप्पांनी आमच्या शाहूपुरीभर सांगितलं.

मंगल कार्यालयासमोर गाडी थांबली तेव्हा बँडवाला वाजवायचा थांबला. इतकी बुटकी, चकचकीत वस्तू कुणी पाहिलीच नव्हती. दाजींच्या आत्या तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"आरं, मागं बसायचं कुठं?"

"मागं इंजिन हाय, आत्या," मी म्हटलं.

"मग आमच्या पोरानं इंजिनावर बसायचं व्हय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की गाडीला दोनच सीट! दाजींना स्कूटरपलीकडं काही चालवता येत नव्हतं. आणि साहेब म्हणाले, "किल्ली मी बायकोलासुद्धा देत नाही हो."

दाजी बिचारे भले माणूस. म्हणाले, "मी चालतो की!"

अक्का शालूसकट विहिरीत उतरावं तशी गाडीत उतरली. बाहेरून फक्त मुंडावळ्या दिसत होत्या. वरात निघाली. साहेबांनी नेमका पांढरा सूट घातलेला! पहिल्याच चौकात एका म्हातारीनं त्यांना ओवाळलं. दुसऱ्या एकीनं हार घातला. साहेब हार काढायला लागले तर ती बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की पावणं, आज तुमचाच मान!" खरा नवरदेव खिडकीला धरून चालत होता. त्याला कुणीतरी दरडावलं, "ए, काचंला हात लावू नगंस!"

आणि मग स्पीडब्रेकर आला.

कर्रर्र! गाडीचं पोट त्यावर टेकलं. ना पुढं, ना मागं. साहेबांचा चेहरा हारातल्या निशिगंधापेक्षा पांढरा झाला.

"उचला रं!" कुणीतरी ओरडलं. चारी बाजूंनी माणसं भिडली.

"रंग! रंग सांभाळा!" साहेब आतून ओरडत होते.

या सगळ्या गदारोळात अप्पा पुढं आले. सकाळपासून ते कुणाशी धड बोलले नव्हते. लेकीला कार्यालयाच्या फाटकातूनच निरोप द्यायचा आणि मागं फिरायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाडी अडकल्याचं कळलं म्हणून धावत आले होते. त्यांनी दार उघडलं आणि हात पुढं केला.

"ये अक्का. चालत जाऊ."

अक्का त्यांचा हात धरून वर आली, गाडीकडं बघितलं आणि फिस्सकन हसली. मग अप्पाही हसले. हसता हसता दोघांचे डोळे भरून आले, आणि कुणालाच ते लपवावंसं वाटलं नाही. एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला अप्पा, मधे अक्का. तिघं सासरच्या दारापर्यंत चालत गेले. अप्पा आयुष्यात कधी एवढे हळू चालले नसतील. मी मागून गाडी ढकलत बघत होतो. बापाला लेकीसोबत आणखी थोडा रस्ता मिळाला होता, आणि तो द्यायचं माझ्या मनातही आलेलं नव्हतं.

(साहेब गोव्याला पोचले. नंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.)

पुढं माझं लग्न ठरलं. अप्पांनी घरातल्या प्रत्येकाला कामं वाटून दिली. मला कसलंच नाही.

"अप्पा, मी काय करू?"

"तू नवरा हाईस. गप बसायचं. जमंल?"

(नाही जमलं.)