पाण्याखालच्या रानातली येळवस

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुठलीही गोष्ट एकाच प्रश्नावर तोलायच्या.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. पुढं लग्न झाल्यावर दूध सोसायटीच्या कचेरीत पुस्तकांचं एक कपाट आलं. मालक, म्हणजे माझे यजमान, तिथं दुधाचं माप घ्यायला होते, म्हणून किल्ली आमच्याच घरात. अक्षराला अक्षर लावत मी त्या कपाटातली पुस्तकं वाचायला शिकले. दुपारी आत्याबाई ज्वारी पाखडायला बसल्या की त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. एखादी सून रडत रडत घर सोडून निघाली की मी मुद्दाम आवाज जड करायची. आत्याबाई सुपातनं मान वर न काढता विचारायच्या, "जेवून निघाली का तशीच?"

आता लेखकानं ते लिहिलेलं नसायचं. मी म्हणायची, जेवली असंल. "असंल म्हंजे? लिव्हलं न्हाय व्हय?" झालं, त्या पुस्तकावरनं त्यांचं मन उडालंच म्हणून समजा.

येरमाळ्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तिथंही एकदा त्यांना नेलं. तीन भावांच्या भांडणाचा पिक्चर होता. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला तर तो लई आवडला होता. बाहेर येऊन बघते तर आत्याबाई कोरड्या ठक्क. म्हणाल्या, एवढ्या वेळात त्या घरात एकदा चूल पेटली न्हाय, मग भाऊ भांडणार न्हायतर काय करणार.

हे सगळं आधी सांगितलं, कारण जेवल्या-न जेवल्याची एवढी चौकशी करणारी ही बाई सलग चार वर्षं येळवशीच्या दिवशी उपाशी राहिली होती.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं, सगळे आपापल्या रानात. ज्वारी उभी असते. कडब्याची कोप करायची, म्हणजे छोटं खोपटं. त्यात आपल्याच रानातले पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. मग जेवण. भज्जी म्हटलं की शहरातली माणसं तळलेली भजी समजतात. तसं न्हाई, सगळ्या कोवळ्या शेंगा, दाणे, पालेभाजी बेसनात शिजवतात ती भज्जी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि लसूण घातलेलं आंबट आंबिल. आणि नियम एकच: रस्त्यानं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून आपल्या रानात बसवायचं. त्याच्या आधी घरच्यानं घास घ्यायचा न्हाई, असं आत्याबाईंचं तरी होतं.

तर आमचं रानच गेलं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात गावाला तलावाचं काम निघालं. त्या बांधावर मी आणि आत्याबाई दोघींनी माती वाहिली, कामावर मिळालेली सुकडी लेकरांना खाऊ घातली, आणि पाऊस पडू दे म्हणून नवसही बोललो. पाऊस पडला, तलाव भरला, आणि आमचं विहिरीचं रान त्याच पाण्याखाली गेलं. गावाची सोय झाली, त्याचं वाईट कधी वाटलं न्हाई. दोन म्हशी होत्या, सोसायटी होती, भागत होतं. रानाचं एक टेकाड तेवढं पाण्यातनं डोकं काढून राहिलं, बाभळीसकट.

मग येळवस आली की शेजारपाजारचे बोलवायला यायचे. लेकरांना घेऊन मी जायची. आत्याबाई म्हणायच्या, तुमी जावा, माझं डोकं दुखतंय. आम्ही डब्यात बांधून आणलेलं त्या म्हशीला घालायच्या. मला वाटायचं, मोठेपणा करते म्हातारी.

पाचव्या साली कपाटातनं मी एक पुस्तक आणलं. त्यात एक कुटुंब समुद्रातल्या बेटावर सुट्टीला जातं. पुस्तक वाईट न्हाई. सूर्य बुडायचं वर्णन तर लेखकानं चार-चार पानं केलंय, वाचताना गार वाटतं. पण एवढी माणसं तिथं राहिली, तर पाणी कोण भरत होतं आणि भांडी कोण घासत होतं, हे शेवटपर्यंत कळत न्हाई. मी मालकांना म्हटलं, बेट तर आपल्यालाही आहे की. ते हसले. पण तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या परसात जाऊन उभे राहिले.

शेजाऱ्याचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. साखर कारखाना निघाला, सगळा ऊस तिकडं जायला लागला, आणि त्यांची गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी काहील पालथी पडून कोंबड्या झाकायच्या कामाला आली. आमच्याकडं पूर आला की माणसं काहिलीतनंच पैलतीराला जातात. मालकांनी ती तलावात सोडली, फळीनं वल्हवत टेकाडावर गेले, आणि सगळं टेकाड हातानं टोकून ज्वारी पेरली. आत्याबाईंना पत्ता न्हाई. लेकीनं गुपित ठेवलं. लेकाच्या मात्र ते पोटात मावेना.

येळवशीला सोसायटीनं मालकांना दोन दिवस मोकळे केले, धारा काढायला धाकटे दीर राहिले. आयुष्यातली आमची पहिली सुट्टी. काहीतरी सांगून आत्याबाईंना तलावाच्या बांधावर आणलं. पाण्यापलीकडं टेकाड हिरवं दिसत होतं.

"ती ज्वारी कुणाची रं?" त्यांनी मालकांना विचारलं.

"तुमची."

त्या तशाच पाण्याकडं उतरायला लागल्या. मला वाटलं, जिंकलं. तर काहिलीपाशी येऊन थांबल्या. गुळाच्या काहिलीत पाय घालायचा न्हाय म्हणाल्या. मालकांनी समजावलं, तीन वर्षांत हिच्यात गूळ शिजला न्हाई, कोंबड्या बसतात हिच्यात.

"ताट रिकामं हाय म्हणून ताटात पाय ठिवतो का तू?"

शेवटी त्यांनीच वाट काढली. पाय स्वच्छ धुतले, काहिलीला हात लावून कपाळाला लावला, आत पोतं अंथरायला लावलं आणि त्यावर मांडी घालून बसल्या. माझ्या मांडीवर आंबिलाची बिंदगी, लेकरांच्या कुशीत भज्जीचं भगुनं. सिनेमात नटी नावेत बसते तेव्हा नाव कशी सरळ जाते, आणि तिचा पदर तेवढा उडतो. काहील गोल असते हो. ती फिरते. पलीकडं पोचेस्तोवर आमचं गाव आम्हाला चार बाजूंनी दिसलं. लेकानं दिवाळीपासून जपलेले तेरखेड्याचे फटाके भिजले, तो रडला. आंबिल मात्र सांडलं न्हाई.

टेकाडावर चढलो आणि मालकांचा चेहरा पडला. लांबून हिरवं दिसत होतं ते खरं, पण जवळ जाऊन बघावं तर कणसं पोकळ. भरत आलेला दाणा पाखरांनी खाल्लेला. तिथं राखण करायला होतं कोण? आत्याबाईंनी दोन-चार कणसांवरनं हात फिरवला.

"पाखरं न बोलावता जेवली. आता बोलवायचं कुणाला?"

त्यांचं म्हणणं तेव्हा माझ्या ध्यानात आलं न्हाई. आम्ही कोप केली. टेकाडावर दगडाला काय तोटा, आत्याबाईंनी पाच दगड स्वतः निवडले. पूजा झाली, आंबिल शिंपून झालं, लेकरांना वाढलं. मग आमची ताटं वाढली, आणि आत्याबाई ताटापुढं नुसत्या बसून राहिल्या. त्यांच्या आधी आम्ही कसं जेवणार? भज्जीवर साय धरायला लागली. त्या चारी बाजूंनी पाण्याकडं बघत होत्या. बेटाला रस्ता नसतो, हे माझ्या त्या पुस्तकानंही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आत्याबाई, इथं कोण येणार? घ्या एक घास. यंदा तर आपलंच रान आहे.

तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "चार वर्सं मला समदी बोलवत हुती, माय. मला बोलवायचं हुतं."

मी आपली समजत होते मोठेपणा.

तेवढ्यात तलावाच्या मध्यातनं एक माणूस येताना दिसला. ट्रकच्या ट्यूबवर बसून, पुढ्यात जाळं घेऊन. मासे सोडायला तलाव मच्छीमारांच्या सोसायटीनं घेतला होता आणि भीमेकडची दोन-तीन भोयांची घरं बांधाखाली येऊन राहिली होती. गावाचा त्यांच्याशी राम राम एवढाच. आत्याबाई उठल्या, पार पाण्याच्या काठाला गेल्या, आणि येळवशीला बायका बांधावरनं मारतात तशी हाक मारली.

"ए बाबा, जेवाया ये."

तो थांबला. मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला असंल म्हणून. मागं नुसतं पाणी. मग म्हणाला, नको मावशी, हाताला मासळीचा वास हाय, तुमचा सण बाटंल.

"माझ्या रानातनं चाललाय, आन उपाशी जाशील व्हय?"

"रान कुठंय मावशी?"

"तुझ्या ट्यूबखाली."

तो असा हसला की ट्यूब डुलायला लागली. आला. हात दोनदा मातीनं घासून धुतले आणि कोपेबाहेर उकिडवा बसला. आत्याबाईंनी त्याला आत घेतलं, पांडवांच्या शेजारी. पहिला उंडा त्याच्या ताटात, पहिलं आंबिल त्याच्या वाटीत. त्यानं घास तोंडात घालून मान डोलवली, तेव्हा त्यांनी स्वतःचा घास उचलला. मी मालकांकडं बघितलं, ते बाभळीकडं बघत होते.

भोई जेवता जेवता बोलायला लागला. म्हणाला, तलाव चांगला हाय, पण त्या अंगाला दोन जागी जाळं अडकतंय, फाटतंय. एका जागी तर खाली भिंतच हाय जनू.

"ती माझी हीर," आत्याबाई म्हणाल्या. "दगडी बांधकाम हाय, फाटंल न्हायतर काय. आन तिच्या उगवतीला लिंबाचं खोड असंल. तितं बी टाकू नको." मग काडी घेऊन त्यांनी मातीत सगळं रान काढलं. इथं मोट, इथं पाट, इथनं ढाळ, इथं गाळाची जागा, मासा असला तर तिथं असंल. तो खरकट्या हातानं उकिडवा बसून बघत होता, मधेच विचारत होता, पाट किती रुंद? कुठल्या अंगाला वळतो? चार वर्षांत त्या रानाबद्दल कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी आणखी एक उंडा घेतला, मग भज्जी घेतली, मग मलाच म्हणाल्या, "आंबिल हाय का संपवलं?"

आम्ही तिथं मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी भोई पुन्हा आला. जाळं मोकळं निघालं म्हणाला, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले मासे आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवले. मासे खाऊन झाल्यावर लेकरं पाण्याच्या काठी चिखलाची विहीर करत बसली, आणि मी त्या बेटाच्या पुस्तकाचं राहिलेलं काढलं. शेवटचा सूर्यास्त होता, लांबलचक. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, की ह्या पानावरची माणसं जेवली का न्हाई, हे आत्याबाईंनी विचारलंच न्हाई. मान वर करून बघितलं, तर कोपेच्या सावलीत पांडवांकडं पाय होऊ न देता, कुशीवर, त्या गाढ झोपल्या होत्या.