एका बोटाचं बटण

भुताला घाबरणारी माणसं आमच्या वाशिमकडे गावोगाव सापडतील. भुतासाठी चहाचा दुसरा कप मांडणारा माणूस मात्र मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. बायकोच्या बहिणीचा नवरा काही निवडून घेता येत नाही, तो लग्नातल्या आहेरासारखा पदरात पडतो. माझ्या पदरात पडलेला हा आहेर केनवडला राहतो, सोयाबीन-तूर पेरतो आणि दिसेल त्या वस्तूशी बोलतो. विहिरीवरची मोटर सुरू करण्याआधी हे तिच्या पाठीवर हात ठेवून “ऊठ माय, उन्हं चढली” म्हणणार. रिसोडची एसटी चढावर धापा टाकायला लागली की खिडकीतून हात काढून तिचा पत्रा थोपटणार आणि वर कंडक्टरच्या शिव्या खाणार. एकदा विळ्यानं बोट कापलं, तर त्या विळ्याला यांनी दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि संध्याकाळी “जाऊ दे, चुकलं त्याचं” म्हणून माफीही दिली. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो, ती कपाळावर हात मारून घ्यायची. “यायले मानसं पुरत नाई जवाईबापू,” ती मला सांगायची, “म्हनून हे खराट्याशी बोलते.”

मोठ्या बाई गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत भरलं घर रिकामं झालं. मागे उरला तो पुण्याच्या मुलानं आईसाठी पाठवलेला लॅपटॉप. त्यावर बाई दिवसभर गवळणी आणि भजनं लावून स्वयंपाक करायच्या. त्या असताना साडभाऊंनी त्या यंत्राकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या गेल्यावर मुलानं फोनवरून यांना शिकवलं: बाजारभाव ताजे पाहायचे असले की वरच्या ओळीतलं एफ फाइव्ह दाबायचं, फोटोला नाव द्यायचं असलं की एफ टू. शिकवणाऱ्याचं काम तेवढ्यावर संपलं आणि साडभाऊंचं तिथून सुरू झालं.

“मास्तर, तुमची मोठी बाई घरातच हाय,” त्यांनी एके दिवशी मला फोनवर असं सांगितलं, की जणू ती माहेराहून परत आली. मी वाशिमला शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे असलं काही कानावर आलं की माझं डोकंच फिरतं. त्यांचं म्हणणं असं, की बाईंची गवळण लावून ते सोयाबीनचा भाव पाहायला बसतात, एफ फाइव्ह दाबतात आणि गवळण मध्येच थांबते. पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे सुरू. “तिले म्या पेपरात भाव पाह्यलेला आवडतच नव्हता ना,” ते म्हणाले. “पाहून पाहून भाव वाढते का, म्हने.” फोटोची गोष्ट याहून वरची. बाईंच्या फोटोला त्यांचं नाव द्यावं म्हणून एफ टू दाबलं की पडदा थोडा काळवंडायचा. आणखी दाबलं की आणखी काळोख, शेवटी फोटोतला चेहराच दिसेनासा व्हायचा. आमच्याकडच्या जुन्या जोडप्यांत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, ‘आवं’ आणि ‘अजी ऐकलं का’ यावरच संसार पार पडतो. “जलमभर तिचं नाव नाई घेतलं,” साडभाऊ हळू आवाजात म्हणाले. “आता घ्याले गेलो तं दिवा मालवते. लाजते ते.”

मी म्हटलं, अहो, ती फंक्शन बटणं आहेत, त्यांना दोन-दोन कामं असतात, सेटिंग उलटं झालंय. त्यांनी शांतपणे सांगितलं की वाशिमच्या दुकानात नेऊन सगळं पुसून नवं विंडोजसुद्धा टाकून आणलं, तरी बाईंचा हट्ट गेला नाही. यावर हसावं की गप्प बसावं ते मला कळेना. माझ्या बायकोला मात्र हसू आलं नाही. “भाऊजी येडे होऊन राह्यले,” ती म्हणाली. “गावात लोकं बोलून राह्यले. पोरगा त्यायले पुन्याले न्याचं म्हनते, घराले कुलूप लावून. तुमी जा अन् थे बटन नीट करून या.”

गेलो. भर दुपारची वेळ, सोयाबीन सोंगणीचे दिवस, सगळे शेतात, गावात चिटपाखरू नाही. ओसरीत पाटावर लॅपटॉप, त्यात गवळण चाललेली, शेजारी चहाचे दोन कप. मी एक उचलायला गेलो तर ते म्हणाले, “तो नाई मास्तर, तुमचा आनतो.” आणि आत जाऊन तिसरा घेऊन आले. बटणांची वरची ओळ धुळीनं भरली होती. ती ओळ ते कोणाला पुसू देत नसत. “आता पाहा,” म्हणून त्यांनी एफ फाइव्ह दाबलं. गवळण तुटली. त्या एकाएकी पडलेल्या शांततेत आतून, स्वयंपाकघराच्या अंगानं, थप् थप् थप् असा आवाज आला. कोणीतरी भाकर थापत होतं.

“ऐकलं?” ते म्हणाले.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला बोलू! पण मास्तरकी माणसाला लगेच सावरते. पलीकडच्या घराची आणि यांची भिंत एकच आहे, तिकडे चूल असणार, गाणं चालू असताना आवाज बुजत असणार. मी तसं बोललोही. “असन,” ते म्हणाले, आणि वाद न घालणाऱ्या माणसाचा राग येतो तसा मला त्यांचा राग आला.

मी यंत्र बंद करून सुरू केलं आणि बायॉसमध्ये शिरलो. विंडोज म्हणजे घराचा रंग, बायॉस म्हणजे पाया. दुकानदारानं रंग खरवडून नवा दिला होता, पायाला हातच लावला नव्हता. तिथे ती नोंद सापडली. वरच्या ओळीनं आधी आवाज-उजेडाची कामं करायची की साधी एफची, एवढाच प्रश्न. मी उत्तर बदललं, जतन केलं, गवळण लावली. “दाबा आता.”

त्यांनी एफ फाइव्ह दाबलं. भाव ताजे झाले आणि गवळण चालूच राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं, बोट जरा जोरात. गवळण आपली चालूच. मग फोटोवर जाऊन एफ टू दाबलं, आणि पडदा लख्ख तसाच राहून नावाची चौकट उघडली, नाव लिहा म्हणून.

“गेली,” ते म्हणाले.

एवढंच. मग उठले, दुसरा कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला. मी आयुष्यात बरीच यंत्रं दुरुस्त केली, पण काम फत्ते झाल्यावर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मान खाली घालून बटणांकडे पाहत बसलो, तेव्हा एफ फाइव्हच्या कडेला वाळलेल्या पिठाचा एक कण दिसला, खपलीसारखा चिकटलेला. आणि मला आठवलं.

याच पाटाजवळ, लॅपटॉप नवा असताना, मोठ्या बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. उजवा हात मनगटापर्यंत पिठात. गाणं थांबवायला तेव्हा दोन बटणं एकदम दाबावी लागत. “जवाईबापू, दोन बोटं कोठून आनू? एक हात उंड्यात रायते माहा. एका बोटाचं करून द्या.” मी करून दिलं होतं. त्यांनी लगेच डाव्या हाताची करंगळी टेकवून पाहिली होती आणि लहान मुलीसारख्या हसल्या होत्या.

मी ते सगळं साडभाऊंना सांगितलं. मला वाटलं होतं, भुताचा उलगडा झाला म्हणून ते खट्टू होतील. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. डोळे भरून आले होते, आणि हसतही होते.

“म्हंजे थे तिनंच करून घेतलं होतं?”

“हो.”

“दुकानदारानं सारं पुसलं तरी गेलं नाई, थे?”

“नाही गेलं.”

“मंग मी काय वेगळं सांगून राह्यलो होतो, मास्तर?”

मी पुन्हा बायॉसमध्ये गेलो सगळं होतं तसं केलं आणि गवळण लावली. त्यांनी आधी चहाचा दुसरा कप भरून आणला, मगच एफ फाइव्ह दाबलं. गवळण थांबली. थप् थप् थप्. “बरं बरं, नाई पाहत भाव,” ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले.

निघताना मी सहज पलीकडच्या घराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. ओट्यावर पाचोळा साचला होता आणि कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. मी एसटीच्या थांब्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा बायको कणीक मळत होती. “केलं का नीट?” तिनं विचारलं. मी म्हटलं, होतं तसंच ठेवलं. बाईंच्या एका बोटाची गोष्ट सांगितली, कुलपाची सांगितली नाही. ती ऐकत होती, हात परातीतच थांबले होते.

“खरंच थांबते का गानं?”

“थांबतं.”

तिनं कोपरानं डोळे पुसले. मला पाठवताना भाऊजींना येडं म्हणणारी हीच.

“मंग मले बी घेऊन चाला ना एखाद दिवशी,” ती म्हणाली. “मी काई बोलनार नाई. नुसती बसीन.”