जज्जाचा तांदूळ
आंबेमोहोर शिजल्याचा घमघमाट सुटला की मला फ्रान्समधलं कायद्याचं कॉलेज आठवतं. मी तिकडे एलएलएमला निघाले, तेव्हा बांधाचा खटला हरलेले माझे चुलते शाहूवाडीहून कोल्हापूरला आमच्या घरी आले आणि तांदळाच्या दोन पुरचुंड्या ठेवून म्हणाले, "एक तुला, एक तिकडल्या जज्जाला. हितली कोर्टं संपली, आता तिकडं केस लाव की." मी फक्त शिकायला चाललेय म्हटलं, तर नुसते हसले. तिथे काही सुचेना, म्हणून जज्जाची पुरचुंडी मी आमच्या प्राध्यापकांना दिली. परतले तेव्हा चुलते स्टँडवरच उभे. "जज्जानं तांदूळ घेतला न्हवं?" "घेतला." "मग झालं की!" म्हणाले, आणि पुन्हा कधी बांधावरून भांडले नाहीत. त्या खटल्याचा निकाल नेमका कुणी दिला, हे मला वकील असूनही अजून कळलेलं नाही.