शब्बीरचाचांचा लाल दिवा

शब्बीरचाचा गेल्याची बातमी आज भोरला शब्बीरचाचांनीच दिली.

थट्टा नाही करत. सांगते.

चाचा आमचे शेजारी. रिक्षावर कर्णा लावून गावभर पुकारा करायचे. उद्या नळाला पाणी नाही, हिर्डोशीत कुस्त्या आहेत, अमक्यांची अंत्ययात्रा इतक्या वाजता निघेल. भोरात कुणी गेलं की आधी चाचांचा आवाज यायचा.

मग त्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही. तोवर कमी बोला.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला. नुकताच लॅपटॉप घेतलेला.

"पोरी, माझा आवाज त्यात भरून ठेव. रिक्षा सलीम चालवंल, बोलंन मीच."

सलीम त्यांचा मुलगा. माईक हातात दिला की घामाघूम.

लॅपटॉपला थेट माईक लावला तर नुसती खरखर. माईक आणि लॅपटॉपच्या मधे बसणारी पेटी हवी होती, ऑडिओ इंटरफेस. कुठला घ्यायचा? ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. आणि चूक झाली तर दुसरा चान्स नव्हता. आवाजच राहणार नव्हता.

पुण्यातला दुकानदार ढीगभर बटणांची मोठी पेटी गळ्यात मारत होता. तिला वेगळा अडॅप्टर.

"लाइट गेली तर?"

"मॅडम, रेकॉर्डिंगला लाइट तर लागणारच ना."

हा बाबा जन्मात भोरला आला नसणार. आमच्याकडे लोडशेडिंग जास्त, लाइट कमी!

मी छोटी घेतली. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारी, पर्समध्ये मावणारी. बसमध्ये सगळा रस्ता ती छातीशी धरून बसले. वाटेतलं शिवरे आलं तरी मनात तेच, मोठीच घ्यायला हवी होती का?

चाचांच्या घरी सगळं जोडलं. चार्जर लावला की घुंऽऽ असा आवाज. काढला की गप्प. म्हणजे बॅटरीवरच उरकायचं.

चाचा सुरू झाले. माझा जीव बॅटरीच्या आकड्यात. ती संपायच्या आत सगळं भरायचं होतं.

सगळं झाल्यावर ऐकलं, तर आवाज पार फाटलेला. एक वाक्य धड नाही.

"चाचा, ओरडत का होतात हो?"

"ह्यो लाल दिवा मधीच विझत व्हता. म्या म्हटलं, मशीन बंद पडतंय. मोठ्यानं बोललं की लागायचा बग."

त्यांच्या रिक्षातल्या अँप्लिफायरवर लाल दिवा म्हणजे चालू.
माझ्या पेटीवर लाल दिवा म्हणजे आवाज फाटतोय.

हे त्यांना सांगताना मला रडूच फुटलं. त्यांचा घसा बसत चाललेला, बॅटरी अर्ध्याच्या खाली.

चाचा कोमट पाणी प्यायले. "रडू नगंस. दिवा लागू द्यायचा न्हाई, एवढंच ना?"

आणि हळू बोलले. पाण्याचं, कुस्त्यांचं, कपड्यांच्या सेलचं, वार आणि वेळा सुट्या. एका डोळ्यानं दिव्याकडे बघत.

बॅटरी संपत आल्याची खूण आली. मी म्हटलं, पुरे.

"थांब. माझी राहिली."

"तुमची कसली?"

"मयतीची. समद्या गावाची म्या सांगितली. माझी काय सलीम सांगणार? त त प प करंल त्यो."

म्हटलं, वेळ कुठली सांगणार?

चाचा हसले. "जनाजा नमाजानंतर निघतो. पाची नमाजांची नावं भरून ठेव. अल्लाला पसंत पडंल ती सलीम लावंल."

ऑपरेशन झालं. आवाज गेला, माणूस राहिला. पुढं कितीतरी वर्षं चाचा रिक्षात मुके बसायचे आणि वरून कर्ण्यातून बोलायचे. लोक हात करायचे, चाचाही हात करायचे.

आज सकाळी मी भोरच्या घरी ओट्यावर होते. सलीमची रिक्षा आली. मान खाली.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपले शब्बीरभाई पुकारेवाले यांचे निधन झाले आहे. असरच्या नमाजानंतर जनाजा निघेल."



आणि मग तेवढं एक वाक्य, जे रेकॉर्डिंगमधून कापायला तेव्हा माझा हात धजला नव्हता. भर रस्त्यात, पार एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल.

"पोरी, दिवा लागला न्हाई ना?"

नाही लागला, चाचा.
सगळ्यांना नीट ऐकू आलं.

तुमच्या भोरचा तुम्हाला शेवटचा सलाम.