व्हर्नाचे दोनशे चौदा तास

माझी शेजारीण व्हर्ना टॉलेफसन सिएटलमध्ये तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाली. नवरा गेल्यापासून तिचा पाय घरात ठरत नाही.

टेकडीवरच्या जुन्या पायऱ्या दुरुस्त करायला महापालिका पैसे देणार होती. अट एकच होती: तेवढ्याच मोलाचे कष्ट गल्लीने करायचे आणि प्रत्येक तास वहीत सहीनिशी लिहायचा. वही माझ्याकडे होती. वही द्यायच्या शेवटच्या दिवशी साठ तास कमी पडले आणि माझं डोकंच फिरलं. पायऱ्यांवरची काटेरी झुडपं व्हर्ना रोज पहाटे एकटी तोडायची, पण वहीत तिची एकही सही नव्हती.

"सही करायला हात झिजतात का गं तुझे?" मी तिच्या दारातूनच ओरडले.

"ते काम नव्हतं गं. घर खायला उठतं, म्हणून जायचे."

"हे महापालिकेला नको सांगूस. तास लिही!"

बसवाल्यांच्या सवयीने तिने निघायची आणि परतायची वेळ रोज कॅलेंडरवर टिपली होती. त्यात बघून ती उभ्याउभ्याच लिहू लागली. पानामागून पान उलटत गेलं. बेरीज झाली दोनशे चौदा.

गल्लीचं काम झालं. मी मात्र वही मिटून तिच्या दारातल्या पायरीवर बसले. एवढे तास तिला घर खायला उठत होतं. आमच्या दोघींच्या घरांच्या मध्ये फक्त एक कुंपण आहे, तेही कमरेएवढं.